रातकिडे बुडतात, बेडूक उपाशी: अर्ध्या पाण्याच्या टाकीतल्या खाण्याच्या तक्रारी

हे फायर-बेलीड टोड जातीचे बेडूक पाळणाऱ्यांसाठी आहे. हिरव्या पाठीवर काळे डाग, खाली भडक केशरी पोट, जेमतेम दीड-दोन इंचांचा जीव. मूळचा कोरिया, ईशान्य चीन आणि त्याला लागून असलेल्या रशियाच्या पूर्व टोकाचा. इथे अमेरिकेत पेट शॉपमध्ये सहज मिळतो. कुत्रा आणायला घरच्यांनी नकार दिला की मुलांचं मन यावर येतं. न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये अशा टाक्या आहेत आणि त्यांचे फोन माझ्याकडे येतात. तक्रार जवळजवळ नेहमी एकच असते: "मावशी, तो काही खातच नाही."

बेडूक खरोखर आजारी आहे असं फार कमी वेळा निघतं. बहुतेक घरांत खायला सोडलेला जिवंत किडा, बहुधा रातकिडा, बेडकाच्या तोंडापर्यंत पोचतच नसतो. तो पाण्यात पडतो, दगडामागे दडतो, नाहीतर बेडकाला पकडता येणार नाही इतका चपळ असतो. म्हणून शोध घ्यायचा तो आधी किड्याचा, मग टाकीचा, मग पाण्याचा आणि सगळ्यात शेवटी बेडकाचा. लोक नेमकं उलटं करतात: पहिल्याच दिवशी औषध विचारतात.

लक्षणं

- सकाळी पाण्यावर मेलेले रातकिडे तरंगतात, काही फिल्टरच्या तोंडाशी चिकटलेले असतात.
- बेडूक किड्याकडे वळतो, झेप घेतो, पण तोंडात काही येत नाही.
- किडा समोरून जातो आणि बेडूक ढिम्म बसून राहतो.
- किडा तोंडात घेऊन लगेच थुंकतो, पुढच्या पायांनी तोंड पुसतो.
- एकाच टाकीतला एक गरगरीत आणि दुसरा हाडं दिसण्याइतका वाळलेला.
- पाणी बदलून दोन दिवस होत नाहीत तोच ते गढूळ होतं, झाकण उघडलं की कुबट वास येतो.
- बेडकाच्या बोटांवर किंवा पाठीवर बारीक चावे दिसतात.

दोन गोष्टी या यादीत नाहीत, तरी त्यांच्यासाठी फोन येतात. पहिली: बेडूक अंग फुगवतो, तोंड उघडमीट करतो, पाय अंगावरून ओढल्यासारखे करतो. तो कात टाकतोय. काढलेली कात तो स्वतःच खातो, आणि ते चालू असताना किड्याकडे बघत नाही. दुसरी: केशरी पोट फिकं, पिवळसर दिसतं. टाकीत वाढलेल्या बेडकांचं पोट बऱ्याचदा असंच असतं. रानात खाण्यातून जे रंगद्रव्य मिळतं ते इथे कमी पडतं. नुसत्या रंगावरून घाबरू नका.

१. त्याला मुळात भूक लागली आहे का?

खर्च शून्य, म्हणून हे पहिलं. पूर्ण वाढलेल्या बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार-पाच छोटे रातकिडे पुरतात. वाढीच्या वयातल्या पिल्लाला रोज किंवा एक दिवसाआड लागतात. घरात तीन माणसं असली की तिघंही आपापल्या वेळी खायला घालतात आणि मग बेडूक "खात नाही". टाकीवर कागद चिकटवा, जो घालेल त्याने तारीख आणि किती किडे ते लिहायचं.

नवीन आणलेला बेडूक पहिला आठवडाभर लपून बसतो. त्या काळात सारखी टाकी उघडून त्याला शोधत बसलात तर तो आणखी दडतो. वाढलेला, अंगाने भरलेला बेडूक दोन आठवडे उपाशी राहिला तरी त्याचं फार काही बिघडत नाही. पिल्लाचं तसं नाही, त्याच्या बाबतीत चार-पाच दिवसांनंतर हातपाय हलवायला लागायचं.

डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका. सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा दहा-पंधरा डॉलरला मिळतो आणि ग्रॅमचा दहावा भाग दाखवतो. ओलसर प्लास्टिकच्या डबीत बेडूक ठेवून आठवड्यातून एकदा वजन करा आणि त्याच कागदावर लिहा. वजन टिकून असेल तर कुणी न बघताना तो खातोय. हे बेडूक दिवसाही जागे असतात, पण माणूस काचेला नाक लावून बसला की जेवत नाहीत.

२. किडा किती मोठा आहे?

बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराइतकी किड्याची रुंदी, त्याहून जास्त नको. दुकानात रातकिडे मापावर विकतात. या बेडकाला पाव इंची पासून फार तर अर्धा इंची चालतात. मोठे घेतले तर पैसे वाचतात असं वाटतं, पण मोठा रातकिडा दोन प्रकारे त्रास देतो. एकतर बेडकाला तो धरता येत नाही. दुसरं म्हणजे उरलेला रातकिडा रात्री भुकेने बेडकालाच कुरतडतो. बोटांवरचे चावे तिथून येतात. त्या बारीक जखमांमध्ये टाकीतल्या पाण्यातले जंतू शिरले की मग खरा आजार सुरू होतो.

३. किडा पकडता येईल असा हलतोय का?

माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी इथे मिटतात, म्हणून इथे जरा थांबते.

या बेडकाची जीभ गोल, जाड आणि तोंडाच्या तळाला चिकटलेली असते. ती बाहेर फेकता येत नाही. कोकणात पावसाळ्यात ओटीवरच्या दिव्याखाली येऊन बसणारा बेडूक बसल्या जागी जीभ फेकून किडा उचलतो, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं आणि यानेही तसंच करावं अशी आपली अपेक्षा असते. याला मात्र अख्खं अंग पुढे झोकून किडा जबड्यात धरावा लागतो. बाहेर राहिलेले तंगड्या-मिशांचे तुकडे तो पुढच्या पायांनी तोंडात कोंबतो. नीट बघितलंत तर दिसेल: झेप घेण्याआधी तो किड्याकडे अंग वळवतो, पुढचा भाग किंचित उचलतो, क्षणभर थबकतो आणि मग झोकून देतो. त्या थबकलेल्या क्षणात रातकिडा उडी मारून गेलेला असतो. बेडूक तोंडभर शेवाळ घेऊन उठतो.

म्हणजे किडा एखाद्या इंचावर हवा, हलताही हवा आणि जागेवरही हवा. पूर्ण निश्चल किडा बेडकाला जवळजवळ दिसतच नाही, म्हणून डब्यातले वाळवलेले रातकिडे नुसते टाकून उपयोग होत नाही.

उपाय स्वस्त आहे. एका वेळी लागतील तेवढेच रातकिडे डबीत घाला आणि ती डबी दोन-तीन मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नाही, तिथे ते मरतात. बाहेर काढल्यावर काही मिनिटं ते संथ चालतात, उड्या मारत नाहीत. तेवढ्या वेळात एकेक करून बेडकासमोर सोडा, पहिला खाल्ला की दुसरा. दहा-पंधरा मिनिटांत न खाल्लेला प्रत्येक रातकिडा परत उचला. फ्रीज वापरायला घरात विरोध असेल (असतोच, आणि तो रास्त आहे) तर रातकिड्याच्या मागच्या लांब तंगडीला मांडीपाशी चिमट्याने धरा, ती तो स्वतःच सोडून देतो. मग चालतो, पण उडत नाही. माझ्या हातून हे होत नाही, मी फ्रीजवाली. डबीला दोन झाकणं आणि वर मोठं लेबल, इतकं केलं की घरात शांतता राहते.

अळ्या आणि संथ किड्यांसाठी गुळगुळीत कडांची उथळ ताटली घ्या, काचेची किंवा चिनी मातीची. ती जमिनीच्या भागात, अगदी पाण्याच्या काठाला, शेवाळात रुतवून अशी बसवा की बाहेरून बेडूक सहज आत उतरेल, पण गुळगुळीत कडेवरून अळीला वर चढता येणार नाही. काठाला अशासाठी की हा बेडूक बराच वेळ उथळ पाण्यात डोळे वर काढून तरंगत असतो. टाकीच्या दुसऱ्या टोकाला वाढलेलं ताट त्याला दिसत नाही.

चिमट्याने भरवायचं असेल तर बांबूचा किंवा प्लास्टिकचा बोथट चिमटा घ्या. लोखंडी टोकाचा नको, बेडूक अंग झोकून येतो आणि त्याचा जबडा आपटतो. किडा समोर धरून थोडा हलवा, थांबा, पुन्हा हलवा. नाकापुढे सतत नाचवलात तर तो पाठ फिरवतो.

काही जण बेडकाला उचलून वेगळ्या डब्यात जेवायला घालतात. टाकी स्वच्छ राहते हे खरं, पण दर जेवणाला उचललं की बरेच बेडूक अंग आक्रसून बसतात, काही तर पाठ कमानीसारखी वाकवून पोटाचा केशरी रंग दाखवतात. तो धोक्याचा इशारा आहे, आपण त्याला छळतोय असा त्याचा अर्थ. शिवाय त्याच्या त्वचेतून झोंबणारा स्राव येतो. हात न धुता डोळ्यांना लावलात तर तुम्हालाही कळेल. मी ताटलीच्या बाजूची आहे.

४. किडा कुठला आहे?

तोंडात घेऊन थुंकत असेल तर पहिला संशय गांडुळावर. घरामागच्या कंपोस्टमधली लाल, अंगावर पट्टे असलेली गांडुळं फुकटात मिळतात, म्हणून लोक तीच घालतात. ती डिवचली की पिवळसर, घाण वासाचा द्रव सोडतात. एकदा चव लागली की बेडूक पुढचं चांगलं गांडूळही नाकारतो. मासेमारीच्या दुकानात मिळणारी मोठी गांडुळं धुऊन, बेताचे तुकडे करून घाला. तुकडे वळवळतात, ते त्याला चालतात. गांडुळात कॅल्शियमही रातकिड्यापेक्षा बरं असतं.

पिठातल्या पिवळ्या अळ्यांचं कवच जाड असतं. नुकतीच कात टाकलेली पांढरी अळी अधूनमधून द्यायला हरकत नाही, रोजच्या जेवणाला त्या नकोत. डुबिया झुरळं पोषणाला चांगली, पण धोका वाटला की जागीच गोठतात किंवा मातीत घुसतात, आणि मग बेडकाला ती दिसत नाहीत. घालायची तर ताटलीतच. (घरात मुद्दाम झुरळं विकत आणायची, हे भारतातून आलेल्या आईला समजावणं हा वेगळा विषय.) मेणअळ्या म्हणजे निव्वळ चरबी. मुलांना त्या आवडतात कारण बेडूक त्या लगेच खातो, आणि मग रातकिड्यांकडे ढुंकून बघत नाही. तसं झालं असेल तर मेणअळ्या पूर्ण बंद करा, तीन-चार दिवसांनी भूक आपोआप परत येते.

अंगणातले किडे घालू नका. शेजारच्या लॉनवर काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं. आणि जूनच्या शेवटी मुलं बरणीत काजवे धरून आणतात, ते तर कधीच नको. इथल्या काजव्यांमध्ये हृदयावर परिणाम करणारं विष असतं. पाळलेले सरडे एखाद-दुसऱ्या काजव्याने मेल्याच्या नोंदी आहेत. बेडकावर प्रयोग कशाला?

५. किडे बुडतात कुठे?

आता टाकी बघा. दुकानातून अर्धी माती-अर्धं पाणी अशी टाकी येते, मध्ये उभी काच. रातकिडा त्या काचेवरून उडी मारतो, पाण्यात पडतो, आणि वर चढायला त्याला काही सापडत नाही. थोडा वेळ हातपाय मारतो आणि संपतो.

पाणी तीन-चार इंचांपेक्षा खोल ठेवू नका आणि काठ उभा ठेवू नका. बेडकाच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे रचून उतार करा. बारीक खडी नको, झेप घेताना ती गिळली जाते आणि आतड्यात अडकते. पाण्यावर कॉर्कच्या सालीचे एक-दोन तुकडे तरंगते सोडा. पडलेला रातकिडा त्यावर चढतो आणि पाण्यात तरंगणाऱ्या बेडकाच्या नाकासमोर येतो. काठावर मनी प्लांटची फांदी लावा, मुळं पाण्यात सोडून. तिचाही किड्यांना आधार होतो आणि मुळं पाण्यात घाणीतून साचणारं नायट्रेट ओढून घेतात. फिल्टरच्या तोंडावर स्पंजचं टोपण चढवा.

टाकीच्या मागच्या भिंतीला फोमचा देखावा चिकटवलेला असेल तर त्याच्या मागे टॉर्च मारा. वीस रातकिडे टाकले, बेडकाने चार खाल्ले, पाण्यात तीन मेले, मग बाकीचे कुठे? रात्री तिथून किर्र ऐकू आलं की हिशोब लागतो.

बुडण्याचा दुसरा तोटा लोकांच्या लक्षात येत नाही. रातकिड्यांना लावलेली कॅल्शियमची पूड पाण्यात धुऊन जाते. बेडूक तो ओला रातकिडा खातो, आपल्याला वाटतं पूड पोचली, आणि सहा महिन्यांनी जबडा मऊ पडतो. त्याबद्दल पुढे.

६. दोघांत एकच जेवतोय का?

दोन-तीन बेडूक असतील तर धीट बेडूक सगळं खातो. किडा एकाच्या तोंडाशी असतानाच दुसरा झेपावतो, कधीकधी एकमेकांचे पाय धरतात. दोन ताटल्या, दोन टोकांना. वाळलेल्याला चिमट्याने आधी भरवा. तरीही वजन वाढलं नाही तर त्याला महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. दुसऱ्या जातीचा बेडूक किंवा मासे यांच्यासोबत ठेवू नका, त्वचेतला स्राव त्यांना बाधतो.

७. तापमान

एक साधा थर्मामीटर पाण्यात, एक जमिनीवर. १८ ते २४ अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण ६५ ते ७५ फॅरनहाइट, ठीक. हा थंड प्रदेशातला प्राणी आहे, रानात तो हिवाळा झोपून काढतो. त्यामुळे जानेवारीत खिडकीशेजारची टाकी गार पडली की त्याची भूक मंदावते, आणि गार अंगात खाल्लेलं पचतही नाही. टाकी खिडकीपासून हलवली की बहुतेकदा पुरतं. लोक याउलट चूक जास्त करतात: सरड्यासाठी विकला जाणारा तापणारा दिवा आणून लावतात. २८ अंशांच्या वर हा बेडूक हवालदिल होतो. दिवा काढा. दिवसाला बारा तास साधा उजेड असला की झालं.

८. पाणी

इथून पुढे थोडा खर्च आहे. बेडूक पाणी पीत नाही, त्वचेतून ओढून घेतो. त्यामुळे पाण्यात जे आहे ते थेट त्याच्या अंगात जातं. एक मेलेला रातकिडा कुजला की अमोनिया तयार होतो. अमोनियाने त्वचा जळते आणि पहिलं काय बंद होतं तर खाणं. बेडूक पाणी टाळून सतत जमिनीवर बसत असेल तर पाण्याचाच संशय घ्या.

थेंबांची टेस्ट किट आणा, पट्ट्यांपेक्षा ती भरवशाची. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. यांपैकी काहीही शून्याच्या वर असेल तर त्याच दिवशी एक तृतीयांश पाणी बदला, मेलेले किडे जाळीने काढा आणि दुसऱ्या दिवशी परत तपासा. सगळं पाणी एकदम बदलून, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून टाकी "चकाचक" करू नका. अमोनिया खाणारे उपयोगी जीवाणू त्या स्पंजमध्येच राहतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यायचा.

नळाचं पाणी रात्रभर बादलीत भरून ठेवायची आपली सवय इथे अपुरी पडते. तसं ठेवल्याने क्लोरीन उडून जातो, पण अमेरिकेतल्या बऱ्याच गावांत क्लोरामाइन घालतात, ते उडत नाही. नळाच्या पाण्यातली अशी द्रव्यं निकामी करणारं वॉटर कंडिशनर वापरा, आणि त्याच्या बाटलीवर क्लोरामाइनचा स्पष्ट उल्लेख आहे ना, ते बघून घ्या. सॉफ्टनरमधून, म्हणजे जड पाणी मृदू करणाऱ्या यंत्रातून आलेलं पाणी नको. निव्वळ डिस्टिल्ड पाणीही नको, त्यात क्षार अजिबात नसतात.

टाकी आणि ताटल्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. बेडकांमधून साल्मोनेला पसरतो. इथे टाकीतल्या छोट्या बेडकांमुळे लहान मुलं आजारी पडल्याचे प्रकार नोंदले गेलेत. पाच वर्षांखालच्या मुलाने बेडूक हाताळायचा नाही. काढलेलं पाणी घरामागच्या ओढ्यात किंवा बागेत ओतू नका, टॉयलेटमध्ये सोडा. बेडकांना मारणारी एक बुरशी जगभर पसरली आहे आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिचं मूळ कोरियाच्या भागाकडे सापडलं. हे बेडूक ती स्वतः आजारी न पडता बाळगू शकतात.

९. किड्याच्या पोटात काय आहे?

बेडूक उत्साहाने झेपावतो, किडा संथ आहे, अंतर बरोबर आहे, तरी पुन्हा पुन्हा चुकतोय, किंवा धरलेला किडा तोंडातून निसटतोय. इथे प्रश्न आजच्या जेवणाचा राहत नाही, गेल्या कित्येक महिन्यांच्या जेवणाचा होतो.

रातकिड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. नुसत्या रातकिड्यांवर वाढलेल्या बेडकाची हाडं मऊ पडतात. जबडा रबरासारखा होतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. जीवनसत्त्व डी३ असलेली कॅल्शियमची पूड पिल्लांना जवळजवळ दर जेवणाला, मोठ्यांना आठवड्यातून एकदा-दोनदा. पिशवीत चिमूटभर पूड, त्यात रातकिडे, हलकेच हलवायचं आणि लगेच वाढायचं. रातकिडा अंग साफ करत राहतो, काही तासांत पूड गेलेली असते.

जीवनसत्त्व अ कमी पडलं की जिभेच्या चिकट ग्रंथी निकामी होतात आणि किडा तोंडात टिकत नाही. वायोमिंग टोड या दुर्मीळ बेडकाच्या प्रजनन प्रकल्पात हे आधी लक्षात आलं. गाजर खाऊ घातलेल्या रातकिड्यांवर पूर्ण भरवसा ठेवू नका, गाजरातल्या बीटा-कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व बेडकांना नीट करता येत नाही असं दिसतं. म्हणून लेबलवर रेटिनॉलच्या रूपातलं अ असलेली मल्टिव्हिटॅमिन पूड घ्या आणि डब्यावर लिहिलंय तितकीच द्या. हे जास्त झालं तरीही अपाय होतो. माणसांची कॅप्सूल फोडून घालायची नाही.

रातकिड्यांना वाढण्याआधी एक-दोन दिवस चांगलं जेवू घाला: रताळं, भोपळ्याची साल, कोथिंबिरीच्या काड्या, मेथी, सगळं धुतलेलं. दुकानातून आणलेला रातकिडा बऱ्याचदा उपाशीच असतो. त्यांना पाण्याची वाटी ठेवू नका, तिथेही ते बुडतात. ओलं गाजर पुरतं.

उन्हाळ्यात भारतात जाताना

जुलै-ऑगस्टमध्ये तक्रारी वाढतात त्या यामुळे. जाताना टाकीत पन्नास रातकिडे सोडून जाऊ नका, परत याल तेव्हा पाणी काळं झालेलं असेल. शेजाऱ्याने चार दिवसांनी एकदा येऊन पाच किडे घातले तरी मोठ्या बेडकाला पुरे. प्रत्येक वेळेची पूड छोट्या डबीत मोजून ठेवा. एसी पूर्ण बंद करू नका, थर्मोस्टॅट ७५ फॅरनहाइटवर सोडा.

इथे थांबा, डॉक्टर गाठा

यापैकी काहीही दिसलं तर वरचे उपाय करत बसू नका:

- अंग पाण्याने भरल्यासारखं फुगलंय, दाबलं की लुसलुशीत लागतं.
- जबडा वाकडा, तोंड मिटत नाही, किंवा बोटं-पाय आपोआप झटके देतात.
- उलटं केलं तर सरळ होत नाही.
- त्वचेवर व्रण, कापसासारखी बुरशी, किंवा कात सारखी तुकड्यातुकड्यांत निघते.
- मागच्या बाजूने लालसर काही बाहेर आलंय.
- आठवडाभर शी नाही आणि पोट एका बाजूला टणक.
- सगळं तपासून झालं, पाणी ठीक आहे, तरी वजन आठवड्यामागून आठवडा उतरतंय.

इतर बेडकांमध्ये जंतुसंसर्ग झाला की पोट आणि मांड्या लाल होतात, त्यावरून ओळखतात. याचं पोट आणि पायाची खालची बाजू मुळातच केशरी-लाल, त्यामुळे ती खूण इथे सहज हुकते. त्याच्या ऐवजी अचानक आलेली मरगळ बघा. काल पळणारा बेडूक आज हात लावला तरी हलत नसेल तर उद्यापर्यंत थांबू नका.

बळजबरीने तोंड उघडून भरवणं घरी करू नका, जबडा मोडतो. माशांसाठी विकली जाणारी औषधं पाण्यात घालू नका, त्वचेतून किती अंगात जाईल याला काही माप नाही.

कुत्र्या-मांजरांचा नेहमीचा डॉक्टर बहुधा बेडूक बघत नाही. सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या डॉक्टरांची संघटना आहे, असोसिएशन ऑफ रेप्टाइल अँड ॲम्फिबियन व्हेटेरिनेरियन्स. तिच्या यादीतून जवळचा डॉक्टर शोधा, आणि जाण्याआधी फोनवर तपासणीची फी आणि शी तपासण्याचा खर्च दोन्ही विचारा. फी बेडकाच्या किमतीच्या कितीतरी पट असेल, घरात त्यावर चर्चा होईलच, ती आधीच उरकून घ्या.

नेताना झाकणाला भोकं असलेला प्लास्टिकचा डबा, आत कंडिशनर घातलेल्या पाण्यात भिजवलेला साधा पेपर टॉवेल. डबाभर पाणी नको. सोबत वजनाचा कागद, पूड ज्या डब्यातून देता त्याच्या लेबलचा फोटो, पाण्याच्या चाचणीचे आकडे, टाकीतलं थोडं पाणी वेगळ्या बाटलीत, आणि मिळाली तर चोवीस तासांच्या आतली शी, ओल्या डबीत, फ्रीजमध्ये ठेवलेली. तिलाही लेबल लावा.